पहिलारू गाय घेऊन लांज्याहून पावसला

लांज्यातली भाड्याची जागा सोडायची ठरली तेव्हा सामानाची काळजी नव्हती. काळजी गाईची होती.

आम्ही दोघं काही महिन्यांच्या अंतरानं निवृत्त झालो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि हे एसटीत कंडक्टर. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. पावसच्या वरच्या अंगाला ह्यांच्या वाटणीच्या जमिनीत आम्ही दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढं घर बांधलं होतं. ट्रक ठरला, ह्यांचा पुतण्या सामानाबरोबर जायला तयार झाला. गाय मात्र पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती. माझ्या हिशेबानं अजून महिना होता. ट्रकवाल्यानं तिच्या पोटाकडे बघितलं आणि कानाला हात लावले.

"बाई, रस्ता सगळा खड्ड्यांचा. वाटेत काही झालं तर पाप माझ्या माथी."

"मग विकून टाका," घरमालकीण म्हणाली. तिचंही चुकीचं नव्हतं. पण त्या तांबडीला मी ती वासरू होती तेव्हापासून वाढवलं होतं. मी म्हटलं, "मी तिला चालवत नेते."

ओट्यावर बसलेले हे वळले. निवृत्त झाल्यापासून ह्यांचं बोलणंच आटलं होतं. सकाळपासून ओट्यावर बसायचे, हायवेवरून गाड्या गेल्या की नुसत्या आवाजावरून ओळखायचे. "राजापूर गाडी आज उशिरा," असं स्वतःशीच पुटपुटायचे. जेवायला हाक मारली तर येत, नाहीतर तेही नाही. ह्या माणसाला माणसांची सवय. दिवसभर शेकड्यांनी माणसं बघितलेली, आणि एकदम समोर नुसतं अंगण. मला आतून भीती वाटायची, पण काय करावं सुचत नव्हतं.

"एकटी कशी जाशील?" हे म्हणाले. "मी येतो."

मार्गशीर्ष होता. भातं कापून झाली होती, उन्हाला अजून धार नव्हती. ट्रक रवाना केला आणि आम्ही उजाडता उजाडता निघालो. पिशवीत भाकऱ्या, सुकी चटणी, एक बादली आणि ह्यांची छत्री. दावं ह्यांनी धरलं आणि ओढायला सुरुवात केली. तांबडीनं चारी पाय रोवले.

"अहो, ओढताय काय? ती काय पॅसेंजर आहे आत ढकलायला? दावं सैल सोडा नि बाजूनं चाला."

जरा वेळानं त्यांना ते जमलं. गाय आपल्या चालीनं चालू लागली आणि आम्ही तिच्या चालीनं. वाटेत जो तो विचारी, "बाजाराला नेताय काय गाय?" हे सांगत, "नाही हो, बिऱ्हाड हलवतोय."

एक एसटी पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मास्तर! तुम्ही पायी? चढा की!"

"आम्ही तिघं आहोत," हे म्हणाले. "तिसरीचं फुल तिकीट लागेल, आणि तिला खिडकीजवळची सीट हवी."

गाडीतली माणसं हसली आणि हेही मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी मी ते हसू ऐकलं. गाडी गेली तरी मी काही बोलले नाही. न जाणो, मी बोलले आणि ते थांबले तर?

पण ते थांबले नाहीत. चालता चालता बोलू लागले. ह्या वळणावर गाडी बंद पडून सगळ्या वऱ्हाडानं धक्का मारला होता. त्या वडाखाली एक म्हातारी रोज उभी राहायची. चढायची नाही, नुसती गाडीतल्या माणसांची चौकशी करायची. एकदा तर गाडीतच एक बाई बाळंत झाली. "बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला," हे म्हणाले, "आणि मी काय केलं असेल? खाली उतरून घंटीच्या दोरीसारखा आपला गळ्यातला रुमाल ओढत बसलो." इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण ह्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. दमून घरी येणाऱ्या माणसाला मी तरी कधी विचारलं होतं!

सातवलीत माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका उघड्या कातळावर होतो. पायाखाली काळा, तापलेला जांभा, सावली कुठे नाही. तांबडी थांबली. शेपूट उचलून गोल फिरली आणि मटकन खाली बसली.

"महिना आहे म्हणालीस ना?" ह्यांचा आवाज चिरकला.

"चुकला हिशेब," मी म्हटलं. "आत्ताच विणार ही."

कातळाच्या कडेला आंब्याची बाग आणि आत एक घर दिसत होतं. हे तिकडे धावले. वयाला शोभणार नाही असे धावले. परत आले ते दोन बायकांना घेऊन. एक सासू, एक सून. मुसलमानाचं घर, सुनेचा नवरा कुवेतला. सुनेच्या हातात पाण्याची कळशी, सासूच्या हातात पेंढा. चौघांनी मिळून गाईला उठवलं आणि आंब्याच्या सावलीपर्यंत कशीबशी नेली.

वासराचे दोन पाय दिसले, नाक दिसलं आणि तिथेच अडलं. गाय हंबरत होती. माहेरी वडिलांना मी हे करताना पाहिलं होतं, पण बघणं वेगळं. मी पाय धरले, हात घसरले. "अहो, तुम्ही धरा. ती कळ देईल तेव्हाच ओढा, आणि खालच्या बाजूला."

ह्या वेळी ते दूर उभे राहिले नाहीत. गुडघ्यावर बसले, पेंढ्याचा वेढा देऊन पाय पकडले. तांबडीनं कळ दिली, ह्यांनी ओढलं आणि वासरू सरकन त्यांच्या मांडीवरच येऊन पडलं. पण हलेना. श्वास नाही.

"या अल्ला," सून पुटपुटली.

ह्यांनी बोटानं वासराचं तोंड साफ केलं, नाक पुसलं आणि अंगातला सदरा काढून ते त्याला खसाखसा चोळायला लागले. सासूनं पेंढ्याची काडी वासराच्या नाकात घातली. एकदा, दोनदा. आणि ते शिंकलं! कान फडफडवले. तांबडी मान वळवून त्याला चाटू लागली. पाडी होती, कालवड. हे उघड्या अंगानं तसेच बसून राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं.

"आता ही बाळंतीण इतक्यात जायची नाय," सासू म्हणाली. "पोरगी चालायला लागू दे, मग न्या."

आम्ही संकोचलो, पण दुसरा इलाजही नव्हता. ह्यांनी रस्त्यावर जाऊन एसटी थांबवली आणि कंडक्टरजवळ पुतण्याला निरोप दिला, की आम्ही मागाहून येतो, तोवर गोठ्याचे खांब उभे कर. ते दिवस फार चांगले गेले. हे बागेला शिंपणं करत, कुंपण नीट करत. मी आणि सुनेनं मिळून चिकात गूळ घालून खरवस केला. ती म्हणाली, "बाई, ह्या घरात कित्येक दिवसांनी चार माणसं एकत्र जेवली."

पाडी पायावर घट्ट झाली तेव्हा निघालो. सासूनं निघताना गाईच्या कपाळावरून हात फिरवला. थोडं चालली की पाडी दमायची, मग हे तिला खांद्यावर घ्यायचे आणि तांबडी त्यांच्या पाठीला नाक लावून चालायची. दाव्याची गरजच उरली नाही.

पावसचा उतार लागला तेव्हा दिवस कलत होता. माडांच्या मागे समुद्र दिसला. घराला अजून ताज्या चुन्याचा वास होता, सामान खोलीत तसंच रचलेलं, आणि पुतण्यानं गोठ्याचे खांब उभे केलेलेच नव्हते. मायलेकींना पडवीत बांधलं.

सकाळी मला जाग आली ती बाहेरच्या ठकठक आवाजानं. हे शेजाऱ्यांची पहार मागून आणून गोठ्यासाठी खड्डे खणत होते. कुंपणापलीकडे तीन-चार माणसं जमली होती, आणि खड्डा किती खोल हवा यावर ह्यांची त्यांच्याशी चांगलीच हुज्जत रंगली होती.

"चहा टाक गो," मला बघून ते ओरडले. "सगळ्यांना!"

डबे अजून बांधलेलेच होते. साखर कुठल्या डब्यात, ते शोधायला मी आत गेले.