सोलमधलं सुतक

गणेशगुडीच्या थांब्यावर मला सोडायला अप्पा आले होते. मी लष्करात कारकून. दक्षिण कोरियातल्या आपल्या वकिलातीत, लष्करी विभागात माझी बदली झाली होती. बस हलता हलता अप्पांनी खिडकीशी येऊन विचारलं, "थितं भात मिळतोय न्हवं?" मिळतो म्हटल्यावर "मग काय न्हाई" म्हणाले आणि आमच्या गुंद गावच्या गाडीकडे वळले.

सोल शहर डोंगरांवर चढत गेलेलं आहे, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. माझी खोली एका चढाच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. कचेरीत इंग्रजीवर भागायचं, गल्लीत मात्र मी मुकाच. पहिल्याच आठवड्यात मी कचरा भलत्याच पिशवीत भरून ठेवला. तळमजल्यावरची घरमालकीण बराच वेळ माझ्याशी बोलली. शब्द एकही कळला नाही, राग तेवढा कळला. मी रोज पुस्तकातून कोरियन घोकायला लागलो, आणि दोनेक महिन्यांनी एका रविवारी तिनं मला हाताला धरून ग्योंगनोदांगमध्ये (वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची बैठकीची जागा) नेऊन बसवलं.

तिथली जमीन खालून ऊबदार असते. मोड आलेल्या सोयाबीनचा ढीग मध्ये ठेवून बायका त्याची शेपटं खुडत होत्या. मलाही एक टोपली मिळाली. वय किती, लग्न झालं का, आईबाप आहेत का, हे प्रश्न आमच्याकडे रामनगरच्या बसमध्ये विचारतात त्याच क्रमानं आले. मी पाठ केलेली उत्तरं पुस्तकी, छापील भाषेत दिली.

"हा बातम्या सांगतोय की काय?" एकीनं विचारलं.

"सांगू दे," घरमालकीण म्हणाली. "पण हात चालव रे. आम्हाला आजच जेवायचंय."

तिला मी हाल्मोनी (आजी) म्हणायला लागलो. दर रविवारी जायचो. थंडी सुरू होताना सगळ्या गल्लीनं मिळून वर्षाची किमची (तिखटमिठात मुरवलेला कोबी) घातली, तेव्हा कोबीची ओझी वाहायला मी होतो. तोवर माझ्या बातम्या संपून बोलणं सुरू झालं होतं.

वसंतात एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. अप्पा गेले. संध्याकाळच्या आत अग्नी द्यायचा होता. मी कितीही धावलो तरी रजा आणि तिकीट जमून दहाव्यालाच पोचणार होतो. हाल्मोनीला जिन्यातच सांगितलं आणि खोलीत येऊन बसलो. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पेज आणतात. इथे कोण आणणार, हे कळत होतं. तरी गॅस पेटवायला हात गेला नाही. अप्पांसाठी तेवढं एकच करणं माझ्या हातात उरलं होतं.

संध्याकाळी हाल्मोनी बैठकीतल्या दोघींना घेऊन आली. तिघी काळ्या कपड्यांत. फोनमधला अप्पांचा फोटो मी पुस्तकांना टेकवून ठेवला. त्यांनी गुडघे टेकून त्याला नमस्कार केला आणि भिंतीशी बसल्या. बसूनच राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. त्यांच्याकडे दुःखाला आलेल्यांना घरच्यानं जेवू घालायचं असतं. न जेवता पाठवलं तर गेलेल्या माणसाचाच मान जातो. आणि माझ्या घरात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"काहीच शिजवलं नाहीस?" हाल्मोनीनं विचारलं.

"आमच्यात शिजवत नाहीत. शेजारी आणतात."

"मग कुणी आणलं?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचे पेले ठेवले.

"सकाळपासून उपाशी? अरे गाढवा, खाली मी जिवंत बसले होते की!"

ती गेली ती जुकचं (तांदळाची पेजच ती) भांडं आणि मुळ्याच्या रश्शाचं पातेलं घेऊन वर आली. आधी मला पेज दिली, वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलली नाही. मग पळी माझ्या हातात दिली. "शेजाऱ्यांनी आणलं, तुमचं झालं. आता तू आम्हाला वाढ, म्हणजे आमचंही होईल."

मी वाढलं. त्या सावकाश जेवल्या आणि अप्पांबद्दल विचारत राहिल्या. शेत केवढं होतं? रागीट होते का? गात होते का? घरी कधी कुणाशी बोललो नव्हतो इतकं मी अप्पांबद्दल त्या रात्री बोललो, तेही शब्द शोधत शोधत.

गोव्याला उतरून, अनमोडचा घाट चढून, रामनगर, गणेशगुडी करत गुंदला पोचलो. भेटायला आलेली माणसं उठून गेल्यावर आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पयल्या दिसाला तुला पेज कुणी आणली?"

तेवढाच घोर तिला लागून राहिला होता. मी सगळं सांगितलं. ती नुसती "बरं" म्हणाली.

बाराव्याला आमच्या घरात पेज आणणाऱ्यांची पंगत आधी बसते. त्यांच्या पानांपुढे आईनं आणखी तीन पानं मांडली.

"ह्यावर कोण गे?" शेजारच्या पार्वतक्कानं विचारलं. "कोरियावाल्या इमानानं येत्यात व्हय?"

"न्हाई आल्या तर न्हाई. त्यांनी आणलं, पान त्यांचं," आई म्हणाली.

मी तिथे भाषा शिकलो ती कचऱ्यासाठी, भाजीसाठी, एकटेपणा घालवायला. अप्पांचं सुतक तिच्यातून फिटेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मी भाताचं भांडं उचललं. तिसऱ्या पानापाशी आईनं मला थांबवलं.

"हाल्मोनीचं पान कुठलं?" तिनं विचारलं. "त्यावर जरा जास्ती वाढ."