दादाच्या ऑफिसातली पोरं

प्रमोददादा गेला.

आणि त्यानं सांगलीत काढलेल्या आमच्या आयटी कंपनीत आता मी एकटी उरले.

तुमच्यातले बरेचजण त्याला ओळखतात. निम्म्यांना कोडिंग त्यानंच शिकवलं. ते कुणी प्रोफाइलवर लिहीत नाही, एवढंच.

मूळ इथून जवळच्याच कुंडल गावचा. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून परत आला. सांगलीच्या विश्रामबागेत मेडिकलच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायला लागला. म्हणायचा, "आपल्या पोरांनी कामासाठी गाव का सोडायचं?"

पोरांनी सोडलं.

हिंजवडीत नवी बिल्डिंग उभी राहिली की आमच्याकडची एक खुर्ची रिकामी. इथं शिकायचं, पुण्याची ऑफर आली की रिझाइन. आणि त्या दिवशी पेढे कोण आणायचं? दादा.

मी वैतागायचे. "माणसं सोडून चाललीत आणि तू पेढे काय वाटतोस?"

"मग काय रडू? शिकलं की गं पोरगं."

त्याचं लग्न राहिलं ते राहिलंच. मुलगा आयटीत म्हटलं की पाहुणे खूश व्हायचे. सांगलीत म्हटलं की चहा पिऊन उठायचे. हे तो हसत हसत सांगायचा. मला कधी हसू आलं नाही.

मग लॉकडाऊन आला आणि पुण्याची सगळी गँग घरी परतली.

गावात नेट धड चालेना. जरा मोकळीक मिळाल्यावर एकेकजण लॅपटॉप घेऊन आमच्याकडं येऊन बसायला लागला. सगळ्या खुर्च्या भरल्या. त्यातला एकही दादाचं काम करत नव्हता. तरी हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला. घरी आपल्या आईला सांगायचा, "लय पोरं हायत आता ऑफिसात."

त्याला खरंच वाटलं होतं, ही आता इथंच राहतील.

कंपन्यांचे मेल आले, ऑफिसला या. बघता बघता खोली रिकामी झाली.

त्या वेळी त्यानं पेढे आणले नाहीत.

पुढं आम्ही दोघंच. माझा नवरा इथल्या शाळेत शिक्षक, म्हणून मी राहिले. निष्ठा वगैरे काही नाही. पण दुपारी बोलता बोलता दादा उठून रिकाम्या खुर्च्या सरळ करायचा, तेव्हा जीव तुटायचा.

झोपेतच गेला. हार्ट अटॅक.

दहाव्याला पुण्याहून सगळे आले. मनापासून रडले. त्याच्या आईला प्रत्येकानं सांगितलं, "आम्ही दादांच्या ऑफिसातले." मला म्हणाले, "आता बंदच होणार ना? सीव्ही पाठव, रेफर करतो." आणि ट्रॅफिक लागायच्या आत निघाले.

सीव्ही मी तयारही केला.

काल तेरावा झाला, आज ऑफिस उघडलं. कुणाचा फोन नाही, काही नाही. नुसती बसून होते.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. दादाची आई. कुंडलहून एसटीनं आलेल्या, हातात भाकऱ्यांचं भलंमोठं गाठोडं. ऑफिस पहिल्यांदाच बघत होत्या. खुर्च्यांवरनं नजर फिरवून म्हणाल्या, "पोरं कवा येत्यात गं? समद्यास्नी पुरंल एवढं आनलंय."

"सुट्टी दिलीय, आई. दुखवट्याची."

"मग तू का आलीस?"

मी टेबलावरचा लॅपटॉप बाजूला सरकवला.

त्यांनी एका खुर्चीवरची धूळ पदरानं पुसली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, गाठोडं सोडलं, आणि म्हणाल्या, "जेव."

दोघी जेवलो. पोरांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दादा, सीव्ही पाठवत नाही. उद्या सकाळी ऑफिस उघडणार आहे. पुढचं मला काही माहीत नाही.

तू आता निवांत जा.