मायचा आवाज कुणाच्या तोंडी

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मायचा केसाने गळा कापला, आणि तोही कशासाठी, तर पोरांच्या कार्टूनसाठी!

भाऊ धुळ्यात लग्नाचे व्हिडिओ जोडून देतो. यंदा सुटीच्या शिबिरात दाखवायला त्याने एक जुना जपानी कार्टून सिनेमा मराठीत करायला घेतला. होडीतून वाहत गेलेल्या एका मुलीची गोष्ट. "यात तिची आजी आहे, तिला तुझा आवाज देतो," असं त्याने मायला सांगितलं. माय नरडाण्याजवळच्या आमच्या गावात राहते, आणि जन्मात अहिराणीशिवाय दुसरं काही बोललेली नाही. नातवंडांना जेवायला बोलावतेस तसं बोल, म्हणाला. माय मोबाइलपुढे बसून लाडाने बोलली, "ये वं माय, हात धुई ले. चूल पेटेल शे, गरम गरम खाई ले."

मग काय विचारता! माय सिनेमात आहे, हे आख्ख्या गल्लीला कळलं.

शिबिरात सिनेमा दाखवायच्या दिवशी मी लेकीला घेऊन जळगावहून धुळ्याला गेले. माय पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. पडद्यावर आजी आली. गोरीपान, नीटस अंबाडा, आणि बोलली ती चक्क पुस्तकातली मराठी, कुठल्या तरी दुसऱ्याच बाईच्या आवाजात. मायने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढे असेल.

पुढे मुलगी एका बेटाला लागली. तिथली माणसं डांबरासारखी काळी, ओठ फुगलेले, केसांत हाडं खोवलेली, सगळ्यांचं थोबाड एकच. ज्याने हे काढलं त्याने जन्मात एक तरी काळा माणूस धड पाहिला होता का, देव जाणे! त्यातली एक म्हातारी मुलीला शिजवायला हंड्याखाली जाळ घालत होती. तिने तोंड उघडलं आणि मायचा आवाज आला, "ये वं माय, हात धुई ले..."

हॉल हसून हसून लोळला. मायने पदर तोंडाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येताच भावाला धरलं.

"अगं अक्का, कार्टून आहे ते," तो म्हणाला. "अहिराणी म्हटली की लोक हसतातच. त्या गोऱ्या आजीला ती शोभली असती का?"

"मग मायशी खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर ती बोलली असती का?"

"तुले बोलनं कोनी शिकाडं रे?" मी ओरडले. तो मोबाइल बघत राहिला. मला त्याची किळस आली. अजून येते.

आठवड्याने लेकीने आजीला फोन लावला, आणि गोंधळून तो माझ्या हातात दिला. "मम्मी, आजी अशी का बोलतेय?"

पलीकडून माय एकेक शब्द चाचपत म्हणत होती, "मी बरी आहे. तू जेवलीस का?"

"माय, मी शे," मी म्हटलं. "आपलं बोल ना."

"नको वं. लोक हसतस."

"हसू दे मेल्यांना! त्यांचं काय घेऊन बसलीस?"



"तुन्ही पोर बी हसनी," माय म्हणाली.