बोनेटवरची गोधडी
थंडीत कुठं डिझेलचा वास आला की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मुलगा तान्हा होता तेव्हाची गोष्ट. शहागडला आमचा ट्रॅक्टर अंगणाबाहेर उघड्यावर असायचा आणि पौषातलं गोदेवरचं वारं थेट त्याच्या इंजिनात घुसायचं. एका सकाळी दोरीवर वाळत घातलेली बाळाची गोधडी दिसेना. माझ्या आईनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. बाहेर आले, तर धाकटे दीर ती बोनेटवरून काढत होते, मधोमध डिझेल-ऑइलचा काळा डाग. "वहिनी, इंजिन गारठलं की चालू होत न्हाई. ऊस न्यायचाय कारखान्यावर," ते म्हणाले. सेल्फ मारताच ट्रॅक्टर सुरू झाला, सासूबाई खूश. मी विचारलं, "मंग भाऊजी, तुमची पेटीतली रग का न्हाई टाकली?" ते सहज म्हणाले, "ती नवी हाय." गोधडी सोड्यात उकळली तरी वास गेला नाही, बाळाला ती परत पांघरता आली नाही. परवा त्याच मुलानं थंडीत मोटारसायकलवर टाकायला काहीतरी जुनं मागितलं. मी दिरांची पेटी उघडून तीच रग त्याच्या हातात दिली. अजून नवीच होती.