ओल्या लाकडाचे गिऱ्हाईक

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या आठवड्यात पळसदरीच्या पुढच्या एका आरागिरणीचा टेंपो भरून गेला आणि भरलेलाच परत आला. माल आंब्याच्या लाकडाचा होता. नाकारण्याचे कारण एका शब्दात दिले होते. ओला.

ते गिऱ्हाईक मी आणले होते. लाकडाची दलाली हा माझा व्यवसाय आहे. गिरणीवाला आणि लाकूड घेणारा कारखाना यांची गाठ घालून द्यायची आणि नंतर दोघांच्या शिव्या खायच्या, असे त्याचे साधारण स्वरूप असते.

या वेळी कारखाना पॅलेट बनवणारा होता. पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी चौकट. खालून फोर्कलिफ्टचे दात जातात आणि मालासकट उचलतात. ओल्या लाकडाची पॅलेट आठवडाभर बरी दिसते. मग लाकूड आकसते, फळ्या वाकतात, खिळे सैल होतात आणि वरच्या मालाला बुरशी लागते. म्हणून गेटवरच मॉइश्चर मीटर लावतात. हातात मावणारे यंत्र, त्याला दोन सुया. सुया लाकडात टोचल्या की ओलाव्याचा आकडा येतो.

परचेसच्या मॅडमनी आकडा बघितला आणि मीटर माझ्यासमोर धरले.

"दळवी, हे लाकूड आहे की कलिंगड?"

"मॅडम, उन्हात टाकलं की सुकेल."

"मग सुकल्यावर आणायचं होतं."

"पुढच्या वेळी सुकवूनच आणतो."

"पुढची वेळ नाहीये. आम्ही प्लास्टिकवर चाललोय. तुमच्यापर्यंत मेल आला नाही का?"

मेल आला नव्हता. टेंपो वळवला.

गिरणी बाळाराम ठोंबरे यांची. सगळे त्यांना बाळाशेठ म्हणतात. एक बँड-सॉ, एक पत्र्याची शेड, ठाकुरवाडीचे चार कारागीर. कारागिरांत दोन सख्खे भाऊ आणि त्यांचे दोन मेहुणे, त्यामुळे एकाच्या घरी लग्न निघाले की गिरणी बंद. फार्महाऊससाठी परवानगी काढून पाडलेली आंब्याची जुनी झाडे शेठनी त्या मोसमात एकरकमी उचलली होती आणि पॅलेटच्या मापाने सगळी चिरून टाकली होती. फळ्या आणि चौकोनी दांडे, आवारभर.

छोट्या गिरणीत लाकूड सुकवायची सोय नसते. आज चिरले, उद्या गेले, असा हिशोब असतो. आंबा तर फारच नाजूक. ओला ढीग लावून ठेवला की निळा पडतो, मग भुंगा लागतो आणि फळीतून पीठ गळू लागते. त्यानंतर ते लाकूड फक्त चुलीचे.

बाळाशेठनी मुदत स्वतःच ठरवली. पाडव्यापर्यंत माल गेला तर गेला. नाहीतर करवत विकायची आणि जागा मुंबईच्या एका रिसॉर्टवाल्याला भाड्याने द्यायची. रिसॉर्टवाला दोनदा येऊन टेप लावून गेला होता. दुसऱ्या वेळी त्याने शेडकडे बोट दाखवून "इथे स्विमिंग पूल" असे म्हटल्याचे चारही कारागिरांनी ऐकले होते.

मी फिरायला लागलो.

माथेरानच्या एका हॉटेलवाल्याला व्हरांड्यासाठी फळ्या हव्या होत्या. वर गाड्या जात नाहीत. दस्तुरीला माल उतरवायचा आणि पुढे घोड्यावर किंवा हातगाडीवर न्यायचा. नमुन्याच्या फळ्या घेऊन दस्तुरीपर्यंत गेलो. घोडेवाल्याने एका फळीचे टोक उचलून बघितले आणि खाली ठेवले.

"काका, वर पानी पाइपानं येतं. घोड्यावर कशाला पाटवता?"

त्याचे चूक नव्हते. ताज्या चिरलेल्या लाकडात मोठा वाटा पाण्याचाच असतो. हॉटेलवाल्याने फोनवर "सुकल्यावर बघू" असे सांगितले. खालापूरच्या एका सेंटरिंगवाल्याने, म्हणजे स्लॅबखालचा साचा लावणाऱ्या ठेकेदाराने, मला चहा पाजला आणि त्याच्या लोखंडी प्लेटा दाखवल्या.

कुंभिवलीला हायवेवरच्या टपरीवर सुनील गायकवाड भेटले. भंगारातले तांबे वितळवून शुद्ध करणाऱ्या एका कारखान्यात ते भट्टीचे इन्चार्ज आहेत. पूर्वी त्यांच्याकडे मी खोकी दिली होती. आता खोकी नको होती, पण लाकूड हवे होते.

"निलगिरीवाल्याने सप्लाय बंद केला," ते म्हणाले. "हिरवं लाकूड कुठे मिळेल?"

"हिरवं म्हणजे?"

"ओलं हो. काल झाडावर होतं असं."

हे कशासाठी, ते त्यांनी चहा संपेपर्यंत समजावून सांगितले. तांबे वितळले की त्यात ऑक्सिजन मिसळतो. तो तसाच राहिला तर तांबे ठिसूळ होते. म्हणून रसात ओल्या लाकडाचे दांडे खुपसतात. लाकडातली वाफ आणि धूर रसाला खालून उकळी आणतात आणि ऑक्सिजन घेऊन बाहेर पडतात. सुके लाकूड घातले तर नुसते पेटते आणि संपते. पद्धत जुनी आहे. अजून स्वस्त पडते, म्हणून चालू आहे.

"साहेब, माझ्याकडे गिरणीभर आहे. परवाच रिजेक्ट झालंय."

"ओलं म्हणून?"

"ओलं म्हणून."

"मग उद्या बघायला येतो."

या धंद्यात ओला माल मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तिथूनच बाळाशेठना फोन लावला. गायकवाड साहेब येतायत, त्यांना ओलेच लाकूड पाहिजे, हे दोनदा सांगितले.

शेठनी दोन्ही वेळा ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी आणि गायकवाड गिरणीत पोचलो तेव्हा आवार झाडलेले होते. ढीग उन्हाच्या बाजूला सरकवला होता. वरच्या थराला गेल्या वर्षीच्या उरलेल्या फळ्या रचल्या होत्या. बाळाशेठ धुतलेला शर्ट घालून उभे होते.

"या साहेब. माल बघा. ठणठणीत सुका."

मी खोकलो.

"हात लावून बघा. असा माल तुमाला कर्जत-खोपोलीत मिळणार नाय." त्यांनी वरच्या फळीवर बोटाची पेरे आपटली. "वाजतंय बघा कसं. सुकं नसतं तर वाजलं असतं का?"

गायकवाडांनी खिशातून मीटर काढून त्याच फळीत टोचले. आकडा बघितला.

"दळवी, तुम्ही ओला म्हणाला होतात."

"साहेब, ओलाच—"

"ओला?" बाळाशेठचा आवाज चढला. "कोन बोलला ओला? आमच्या गिरणीत ओला माल नसतोच. पयल्यापासून."

"शेठ, मला सुका नकोय. सुकं भट्टीत नुसतं पेटतं."

बाळाशेठनी माझ्याकडे बघितले. मग गायकवाडांकडे.

"मग ओला हाय साहेब."

"आत्ता सुका होता."

"वरवर सुका हाय. आतून नुसतं पानी. पिळून दाखवू का?"

"शेठ, मी तांबं मागितलं असतं तर तेही तुमच्या ढिगातून निघालं असतं." गायकवाडांनी मीटर खिशात ठेवले. "सुका-ओला मिसळलेला माल मला चालत नाही. वितळलेल्या धातूशी काम आहे. माल देणाऱ्याच्या शब्दावर भरवसा नसेल तर एकेक दांडा मी तपासत बसू का?"

ढिगाच्या खालचा माल न बघताच ते गेले.

मी बाळाशेठना विचारले, "मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं ना तुमी. पन भाऊ, ओलं मागणारं गिऱ्हाईक तुमी कंदी बघितलंय? मला वाटलं, साहेब आधी आपल्याच तोंडानं ओलं वदवून घेनार आन मग भाव पाडनार."

असे भाव पाडणारे आम्ही दोघांनीही बघितले होते.

बाळाशेठनी रागारागात वरच्या सुक्या फळ्या उचलायला लावून शेडमध्ये कुलूपबंद केल्या. बाहेर राहिला तो सगळा ओला माल. पुढचे समजण्यासाठी एवढा तपशील लक्षात ठेवावा.

दुसऱ्या दिवशी होळी होती. या भागात होळीची लाकडे न विचारता नेतात. कोणाच्या कुंपणाची, कोणाच्या परसातली. मालक राखण करतो, शिव्या देतो, पण होळीत गेलेल्या लाकडाची तक्रार कोणी कुठे करत नाही. बाळाशेठ दर वर्षी चिरणीच्या कडा आणि तुकडे मुद्दाम फाटकाबाहेर टाकून ठेवत. पोरे ते नेत, चांगल्या मालाला हात लावत नसत. त्या वर्षी शेठ तुकडे बाहेर टाकायचे विसरले.

धुळवडीच्या सकाळी त्यांचा फोन आला. ढिगातल्या फळ्या गेल्या होत्या. मी गिरणीत पोचतो तोवर गिरणीसमोर पंक्चरचे दुकान चालवणारा मंगेश तिथे येऊन उभा होता. गावच्या होळीचा कारभार त्याच्याकडे असतो. तोंडाला रंग होता. माफी मागायला आलेला दिसत नव्हता.

"शेठ, परवा त्या साहेबाला तुमी काय बोललात? ठणठणीत सुका. दुकानात बसून माज्या कानानं ऐकलं मी."

"तू माजा माल चोरलास!"

"होळीला नेतात त्याला चोरी नाय बोलत, ते सोडा. तुमी आमची होळी इझवलीत त्याचं बोला."

"मी?"

"मंग कोन? मधी सगळं तुमचंच लाकूड रचलं. सुकं हाय म्हणून. पेंढा जळला, गवऱ्या जळल्या, तुमच्या फळ्या नुसत्या सुंई सुंई करत बसल्या. टोकातून फेस येत व्हता, फेस! धुरानं बाया डोळं पुसत घरी गेल्या. माज्या आयनं टाकलेला नारळ कच्चा निघाला. असा कच्चा नारळ जन्मात नाय खाल्ला, बोलली."

"मग पुढच्या वर्षी विचारून ने."

"विचारून काय उपेग? तुमी सुकंच सांगनार."

मंगेशकडे व्हिडिओ होता. फोनवर बघितला. मधोमध फळ्या उभ्या, बाजूने थोडा जाळ, फळ्यांच्या टोकांना पांढरा फेस, वर धूर. होळीला ठरलेल्या बोंबा असतात. या व्हिडिओत त्या बाळाशेठच्या नावाने होत्या.

मी मंगेशकडून तो व्हिडिओ मागून घेतला आणि गायकवाडांना पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. आमच्या शब्दांची किंमत परवाच ठरली होती.

दुपारी त्यांचा फोन आला.

"हा माल शेठच्याच ढिगातला?"

"हो."

"होळीला तुम्ही दिलात?"

"नाही साहेब. चोरीला गेला."



"मग बरोबर असेल," गायकवाड म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीत न येता आधी होळीच्या माळावर गेले. राखेतून त्यांनी स्वतः एक फळी निवडली. बाहेरून काळी, आकार शाबूत. ती गिरणीत आणून करवतीवर मधोमध कापायला लावली. आतले लाकूड फिकट आणि ओलसर होते. मीटर टोचले तर आकडा मीटरच्या शेवटच्या टोकाला गेला.

बाळाशेठनी बोलायला तोंड उघडले.

"शेठ, तुमी जरा गप ऱ्हावा," मंगेश फाटकातून म्हणाला. त्याला कोणी बोलावले नव्हते.

गायकवाडांनी बाहेरचा ढीग वरपासून खालपर्यंत तपासला आणि चाचणीसाठी थोडे दांडे सोबत नेले. ती चाचणी बघायला मीही गेलो. लांबून, जाळीआडून. लोखंडी चिमट्यात धरलेला दांडा भट्टीच्या तोंडातून हळूहळू आत सारला. रस उसळला, हिरवी ज्योत आली, मग पिवळी, मग बराच वेळ खदखद. गायकवाडांनी पळीभर रस साच्यात घेतला, थंड केला, तुकडा मोडून बघितला. मोडलेली बाजू गुलाबी दिसत होती. ती गुलाबी हवी असते.

"चालेल," ते म्हणाले.

दांड्यांना त्यांनी लगेच हो म्हटले. फळ्या जुडी बांधून चालतील असे ठरले. अटी दोन होत्या. माल चिरल्याबरोबर यायला हवा, उन्हात ठेवायचा नाही. आणि माल कसा आहे हे मीटर सांगेल, शेठनी सांगायचे नाही. दुसरी अट लेखी नव्हती, पण पहिल्यापेक्षा ठामपणे सांगितली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ढिगातला शेवटचा टेंपो कुंभिवलीला उतरला. रिसॉर्टवाल्याने जवळच दुसरी जागा घेतली. गिरणी चालू आहे. चारही कारागीर तिथेच आहेत. आवारात आता निलगिरीही येते. तिच्यावर गोणपाट टाकून दिवसातून दोनदा पाणी मारतात.

मे महिन्यात गायकवाडांच्या गेटवरून एक टेंपो परत आला. कारागिरांच्या घरच्या लग्नात माल आवारात पडून राहिला होता. नाकारण्याचे कारण एका शब्दात दिले होते. सुका.

यंदाच्या होळीला गिरणीतून एकही फळी चोरीला गेली नाही.