फौजदाराचा नकार

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची आणि काम झालं की ती परत कशी घ्यायची, हे तो ठरवतो. या देण्याघेण्याच्या कोडमध्ये कुणाला एक ओळ जरी बदलायची झाली, तरी ती आधी फौजदाराच्या नजरेखालून जायची. फौजदार हे नाव कोड पाठवणाऱ्यांनी त्याला पाठीमागे ठेवलेलं. त्याला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या अरुंद खोलीत तो सकाळी आठला बसायचा. अशी अठरा वर्षं झाली. बदल ईमेलच्या एका सामायिक यादीवर यायचे; तिथलं पत्र यादीतल्या सगळ्यांना जायचं. तो ओळीखाली ओळ लिहून पाठवणाऱ्याची सालटी काढायचा, तीही उघड्या यादीवर, हजारो लोकांसमक्ष. लोक म्हणत, जीभ तिखट आहे पण माणूस मोलाचा. असल्या बोलण्यानेच अशी माणसं शेफारतात.

एकदा लिफ्टच्या कंट्रोल पेट्या बनवणाऱ्या कंपनीतल्या एका मुलीने सहा ओळींचा बदल पाठवला. त्यांच्या पेट्या दहाबारा दिवस नीट चालायच्या आणि मग अचानक गप्प व्हायच्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आत माणसं. तीन महिने खपून तिने कारण शोधलं होतं. मेमरीच्या एका तुकड्याला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेलं कुलूप काढल्यानंतरही जुना कोड त्या तुकड्याला पुन्हा हात लावत होता. तेवढ्यात तो दुसऱ्या कुणाला दिला गेला असेल, तर कारभार आटोपलाच. तिच्या सहा ओळी एवढंच सांगत होत्या की कुलूप काढण्याआधी तुकडा आपल्या नावावर धरून ठेवा.

जुना कोड खुद्द फौजदाराचा होता.

त्याने फाइल उघडलीच नाही. कशाला उघडेल? त्याला ती तोंडपाठ होती. त्याने लिहिलं, "जिथून हे काम सांगितलं जातं, तिथे वर आणखी एक कुलूप असतं, तुकडा दुसऱ्याला जाऊच शकत नाही. लिहिण्याआधी वाचायला शिका. नाहीतर लिफ्टचा धंदा वाईट नाही."

"सर, ते वरचं कुलूप आता नाही," मुलीने उत्तर दिलं. "कृपया एकदा फाइल बघा."

"नाही. नाकारलं."

मग तिने फक्त त्याला पत्र लिहिलं. दोष कर्नलमध्ये आहे असं ती साहेबांना सांगून बसली होती. महिनाअखेरपर्यंत बदल स्वीकारला गेला नाही, तर तिला घरी बसवणार होते. "माझं चुकत असेल तर कुठे ते दाखवा, सर. मी मान्य करीन."

यादीचा एक रिवाज आहे: कोडबद्दल खासगीत विचारलं, तरी उत्तर यादीवर द्यायचं, म्हणजे चार जण शिकतात. रिवाज चांगलाच. पण कुणाच्या पोटाचा प्रश्न चव्हाट्यावर मांडू नये, एवढं कळायला रिवाज लागत नाही. फौजदाराने तिचं अख्खं पत्र यादीवर टाकलं आणि खाली लिहिलं, "नोकऱ्या वाचवायला इथे कोड बदलत नाहीत." पाचपन्नास लोक हसले. यादीवर तिचा साहेबही होता.

शाळेत शिकवणारी बायको चहा घेऊन मागे उभी होती.

"अहो, हे सगळ्यांना गेलं?"

"तसा नियम आहे."

"तिने तुम्हाला एकट्याला लिहिलं होतं. मी वर्गात असं केलं असतं ना, तर मला काढून टाकलं असतं."

"चहा ठेव आणि जा."

पाच महिन्यांनी एका बड्या कंपनीची शेकडो यंत्रं एकाच आठवड्यात कोसळली. तक्रार बड्यांची, म्हणून फौजदाराने फाइल उघडली. वरचं कुलूप नव्हतं. वेग वाढावा म्हणून कुणीतरी ते सहा वर्षांपूर्वी काढलं होतं. तो बदल तपासून पास कुणी केला, ते त्याने पाहिलं. खाली त्याचंच नाव होतं.

त्याला लाज वाटली, खरोखर वाटली, चांगली पंधरा मिनिटं. मग त्याने दुरुस्ती लिहिली. ती सहाच ओळींची झाली. दुसरी होऊच शकत नव्हती. दोष ज्याने शोधला त्याचं नाव खाली द्यायचं असतं, म्हणून त्याने मुलीचं नाव आणि ईमेलचा पत्ता घातला. पाठवायच्या आधी पत्ता चालतो का ते पाहायला तिला एक पत्र टाकलं, तर ते मिनिटभरात परत आलं. असा पत्ताच नाही.

"कंपनीत फोन करून विचारा ना, कुठे गेली ते," बायको म्हणाली.

"बघू."

बघितलं नाही. बंद पत्त्याचं नाव ठेवायचं नाही, असा नियम त्याने त्याच सकाळी स्वतःपुरता केला, ती ओळ खोडली आणि दुरुस्ती आपल्या नावाने पाठवली. यादीवर वाहवा झाली. स्वतःची चूक स्वतः निस्तरायला मोठं मन लागतं, असं एकाने लिहिलं. चोर तो चोर, वर हारतुरे.

आठवड्याने लिफ्ट कंपनीच्या साहेबाचं पत्र आलं. त्याला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "सर, तुमच्या दुरुस्तीने आमच्या लिफ्ट बंद पडायच्या थांबल्या. आमच्याकडच्या एका मुलीने यात उगाच तीन महिने घालवले आणि वर दोष तुमच्या कोडला दिला. तुमचं ते उत्तर वाचलं आणि त्याच दिवशी तिला काढलं. तुमच्यामुळे माणूस ओळखता आला."

फौजदाराने ते दोनदा वाचलं. "आभारी आहे," एवढं लिहून पाठवलं आणि पुढचा बदल उघडला.