कल्याण मंटपाचा किल्लेदार

सरकारांचा फोन आला की अण्णा उभे राहत. जेवत असले तरी. उजवा हात सारभाताने माखलेला, डाव्या हातात फोन, आणि चपला आधी पायांतून काढून बाजूला सारलेल्या. पलीकडून बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा उंच मजल्यावरचा एक तरुण 'अंकल, संडेला हॉल फ्री आहे का?' एवढंच विचारत असे. अण्णा मात्र 'होय सरकार, सरी सरकार, ठीक सरकार' म्हणत कमरेत वाकत. "अण्णा, फोनवर वाकलेलं त्यांना दिसतं का?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, दिसत नाही म्हणूनच वाकायचं. दिसताना काय, कुणीही वाकतो."

हे वाक्य मी वर्गात पोरांना कौतुकाने सांगितलेलं आहे. आज मला तो लाचारीवर चढवलेला वर्ख वाटतो.

आमच्या पेठेतलं ते कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, एका जुन्या मराठी सरदार घराण्याचं. अण्णांचे पूर्वज त्यांच्याबरोबरच इकडे कानडी मुलखात आलेले. "ते घोड्यावर, आम्ही घोड्यामागे," असं अण्णा छाती काढून सांगत. पुढे घोडा गेला, सरदारकी गेली, धाकट्या सरकारांच्या तोंडची मराठीसुद्धा जवळजवळ गेली. अण्णा तेवढे घोड्यामागे चालतच राहिले. मंटपाच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे, म्हणून पेठ त्यांना किल्लेदार म्हणायची. लोक टिंगल करत होते, अण्णांना ती पदवी वाटत होती. त्यांची बायको, आमची अक्का, तेवढी तोंडावर बोलायची. "किल्लेदार, दूध संपलंय. स्वल्प स्वारी करा कोपऱ्यापर्यंत."

मंटपाच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे अण्णांचा संसार झाला, आणि पुढे त्यांच्या मुलाचा, विनूचा. विनू आचारी. मंटपातल्या लग्नांचा स्वयंपाक तोच करी आणि त्याच्या होळिगेसाठी, म्हणजे पुरणपोळीसाठी, लोक मुहूर्त मागेपुढे करत. पण पंगतीतला उरलेला एक लाडू घरी नेण्याची सोय नव्हती. अक्का आजारी असताना विनूने तिच्यासाठी वाटीभर पायस नेलं, तर अण्णांनी ती वाटी मुलाच्या हातातून काढून परत पातेल्यात ओतली. "सरकारांचं आहे," म्हणाले. सरकार तेव्हा परदेशात होते. पायस दुसऱ्या दिवशी नासलं.

अक्का गेली आणि वर्षभरात धाकट्या सरकारांनी मंटप एका बिल्डरला विकायचं ठरवलं. प्रश्न त्या दोन खोल्यांचा होता. थोरल्या सरकारांनी शेवटच्या आजारात अण्णांना आणि अक्काला जवळ बोलावून सांगितलं होतं, "मागच्या खोल्या तुमच्या. मी असो नसो." कागद काही नव्हता. हे मला अक्कानेच सांगितलेलं, आणि अक्का खोटं बोलणारी नव्हती. धाकटे सरकार मोठेपणाने म्हणाले, "अंकल बोलतील ते फायनल. डॅड तसं म्हणाले असतील तर रूम्स विनूच्या."

विनू माझ्याकडे आला. खूश होता, पण पुरता नाही. "काका, स्वल्प बोला ना अप्पांशी. तुमचं ऐकतात ते."

'अण्णा, जे ऐकलंत ते सांगा.' एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. पण मी इतिहासाचा मास्तर. सरळ बोलणं मला कमीपणाचं वाटतं. मी त्यांना गोष्ट सांगितली.

सातेकशे वर्षांपूर्वी स्पेनच्या दक्षिण टोकाला एका किल्ल्यावर राजाचा एक सरदार होता. राजाचाच भाऊ फितूर होऊन शत्रूची फौज घेऊन आला. त्याच्या ताब्यात या सरदाराचा कोवळा मुलगा होता. मुलाला तटाखाली उभं करून तो म्हणाला, किल्ला दे, नाहीतर याला मारतो. सरदाराने कमरेचा सुरा काढला आणि तटावरून खाली फेकला. मारायला हत्यार नसेल तर हे माझं घ्या, म्हणाला. त्यांनी मुलाला मारलं. किल्ला राहिला.

मी हे सगळं कुचेष्टेने सांगत होतो. हाच सरदार तरुणपणी परक्या सुलतानाकडे पगारावर लढला होता, हेही सांगितलं. पुढे राजासाठीच कुठल्या डोंगरात लढताना मेला, हेही. अण्णांना लाज वाटेल, अशी माझी समजूत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग राजाने काय केलं?"

"'भला' असा किताब दिला. जमिनी मिळाल्या, समुद्रात मासे पकडायचा हक्क मिळाला. पोराच्या बदल्यात मासे, अण्णा!"

"मासे राहू देत. भला म्हणाला ना?"

मी हसलो आणि घरी आलो. विनूला सांगितलं, "बोललोय मी."

रविवारी बैठक मंटपातच झाली. धाकटे सरकार स्टेजवर, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत बसले. नवरीच्या खुर्चीत बिल्डर. अण्णा त्यांच्या मागे उभे. खाली रिकाम्या खुर्च्यांच्या पुढे विनू आणि मी.

"अंकल, डॅड काही म्हणाले होते?"

अण्णांनी खाली पाहिलं नाही. "नाही सरकार. तसं काही बोलणं झालं नाही."

"अप्पा," विनू म्हणाला.

अण्णांनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातल्या दोन किल्ल्या काढल्या आणि स्टेजवरून विनूच्या पायाशी टाकल्या. "सामान काढ, तूच कुलूप लाव आणि आणून दे."

त्या क्षणी मला ओळखू आलं की हे मी शिकवलेलं आहे. अक्काने सांगितलेलं मी तिथे बोलू शकलो असतो. मी किल्ल्या उचलून विनूच्या हातात दिल्या.

विनू आनेकलला गेला आणि कारखान्यातल्या माणसांसाठी खानावळ चालवू लागला. मंटपाच्या जागी टॉवर उभा राहिला आणि सरकारांनी अण्णांना त्याच्या लॉबीत बसायला जागा दिली. एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि एक टोपी. स्पेनच्या राजाने निदान समुद्र दिला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णा ती गोष्ट सांगत. गोष्टीत आता मुलगा नुसता 'पोरगा' झाला होता, आणि 'भला' हा शब्द आला की ते खुर्चीतून उठून उभे राहत. कुरियरवाल्यांना उशीर होत असे.

त्याच खुर्चीत ते गेले. सरकारांनी माझ्या फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दिवस विनूनेच केले. तेराव्याला स्वयंपाकही त्यानेच केला. होळिगे वाढताना माझ्या पानापाशी थांबला.

"काका, लॉबीतल्या दुसऱ्या वॉचमनने मला ती गोष्ट सांगितली. तुम्ही सांगितलेली ना?"

मी मान हलवली.

"खाली उभा असलेला तो मुलगा काय म्हणाला?"

"पुस्तकात नाही रे."

"सरी," विनू म्हणाला. त्याने माझ्या पानात होळिगे वाढली, वर तूप घातलं आणि पुढच्या पानाकडे गेला. ती होळिगे मी संपवली. पेठेतले लोक हात धुताना म्हणत होते, किल्लेदार भला माणूस होता.